आयडेंटिफिकेशन की स्वतः कशी बनवायची (सहा प्राण्यांपासून सुरुवात)

समोरचा किडा नेमका कोणता हे दोन-दोन पर्यायांतून शोधत जायचं, एवढंच असतं या कीमध्ये. लामार्क या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने 18व्या शतकात फ्रान्समधल्या झाडांसाठी असली की वापरली होती, पण आपण सोपं घेऊ: घरमाशी, मधमाशी, भुंगेरा, कोळी, गोम आणि पैसा (खूप पायांचा किडा).

आधी सहाही नीट बघा, भिंग असेल तर उत्तमच. दिसणाऱ्या खुणांची यादी करा. रंग, आकार, "मोठा-छोटा" असलं काही घेऊ नका, मोठा म्हणजे केवढा यावर दोघांचं कधी एकमत होत नाही. मोजता येईल किंवा आहे-नाही असं स्पष्ट सांगता येईल तेच घ्या.

मग पहिला प्रश्न असा निवडा की ढिगाचे साधारण अर्धे-अर्धे भाग पडतील.

1अ. पाय 6 : 2 वर जा
1ब. पाय 6 पेक्षा जास्त : 4 वर जा
2अ. पुढचे पंख कडक, झाकणासारखे : भुंगेरा
2ब. सगळे पंख पातळ, पारदर्शक : 3 वर जा
3अ. पंखांची एकच जोडी : घरमाशी
3ब. पंखांच्या दोन जोड्या : मधमाशी
4अ. पाय 8 : कोळी
4ब. पाय 8 पेक्षा जास्त : 5 वर जा
5अ. शरीराच्या एका वळ्याला (कड्यासारख्या भागाला) पायांची एक जोडी : गोम
5ब. बहुतेक वळ्यांना दोन जोड्या : पैसा

प्राणी 6 तर प्रश्न 5, नेहमी एक कमी, जुळलं नाही तर कुठेतरी घोळ आहे समजा.

मी पहिल्यांदा पंखांच्या जोड्यांचा प्रश्न 2 नंबरला टाकला होता आणि तिथेच फसलो, कारण भुंगेरा बसलेला असताना मागचे पंख कडक पंखांखाली घडी घालून ठेवतो, मग बघणारा एकच जोडी मोजतो आणि भुंगेऱ्याची घरमाशी होते!! क्रम बदलला तर भुंगेरा सुटला, पण मधमाशी अजूनही चकवतेच, तिचे पुढचे-मागचे पंख बारीक हुकांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे 3 ला पंख हलकेच बाजूला करून बघा असं लिहून ठेवा (अर्थात मेलेल्या मधमाशीचे, जिवंत पकडायला जाऊ नका).

शेवटी की अशा कुणाला द्या ज्याला किड्यांतलं काही कळत नाही, प्राण्याचं नाव सांगू नका, तुम्ही गप्प बसा. तो जिथे अडकून "म्हणजे काय?" विचारेल ती ओळ परत लिहायची. आणि टेस्टसाठी पाय तुटलेला कोळी देऊ नका, 7 पाय मोजले की बघणाऱ्याला 4 मधला एकही पर्याय जुळणार नाही.