ईईजीच्या वेळी डोळे कसे मिटावेत

"आता डोळे मिटा... आता उघडा." ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढताना हे बऱ्याचदा ऐकू येतं. आईच्या वेळी मला वाटलं, ती जागी आहे ना एवढंच बघतायत. तिनं डोळे इतके घट्ट आवळले की कपाळावर आठ्या पडल्या आणि तेवढा भाग पुन्हा काढावा लागला. आम्हाला कुणी आधी समजावलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

जागेपणी डोळे मिटून स्वस्थ पडलं की डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे नजरेचं काम चालतं, विजेच्या सेकंदाला 8 ते 13 लाटा उठतात. त्यांना अल्फा म्हणतात. डोळे उघडले की त्या बसतात. जर्मनीतल्या येना इथले डॉक्टर हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा असा आलेख 1924 मध्ये पहिल्यांदा काढला आणि 1929 मध्ये प्रसिद्ध केला. डोळे उघडल्यावर दोन्ही बाजूंच्या लाटा सारख्याच बसतात का, हे डॉक्टर बघतात. एकाच बाजूच्या बसल्या नाहीत, तर त्यातूनही त्यांना काही सुचतं.

1. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा. त्यानंतर तेल लावू नका, तेलकट टाळूवर वायरी नीट चिकटत नाहीत.

2. उपाशी जाऊ नका. फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका. त्या घ्यायच्या की नाहीत ते डॉक्टरांनाच विचारा. रात्री जागायला सांगितलं असेल तर खरंच जागा.

3. वायरींना घाबरू नका. मशीन मेंदूतली वीज फक्त टिपतं, शॉक देत नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच सांगा.

4. "मिटा" म्हटलं की पापण्या फक्त खाली सोडा, झोपेत असतात तशा. दात आवळू नका, जीभ सैल ठेवा. कपाळाचे आणि जबड्याचे स्नायू ताणले की त्यांचीच वीज आलेखात उमटते आणि मेंदूच्या लाटा तिच्याखाली झाकल्या जातात. मनात हिशेब किंवा पाढे नकोत, त्यानेही अल्फा कमी होतो. श्वास येतोय, जातोय, एवढं पुरे. "काही विचार करायचा नाही" असा हट्टही धरू नका.

5. "उघडा" म्हटलं की समोर एका जागी शांत बघा. डोळे भिरभिरवू नका.

6. पेंग आली तर लपवू नका. पेंगताना अल्फा विरतो, आणि गंमत म्हणजे अशा वेळी डोळे उघडले तर तो उलट परत येतो. टेक्निशियनला सांगितलंत, तर ते तशी नोंद करतात.

मधे जोरजोरात श्वास घ्यायला लावतील, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतील. चक्कर वाटली तर लगेच बोला.

काही धडधाकट माणसांच्या आलेखात अल्फा फारसा दिसतच नाही. "अल्फा कमी" असं वाचून घाबरू नका, रिपोर्ट डॉक्टरांनाच वाचू द्या. वायरी चिकटवायला लावलेली पेस्ट घरी कोमट पाण्याने निघते.