घरातल्या मनीप्लँटची निगा

मनीप्लँटची पाने मलूल दिसली की आपला हात आपसूक पाण्याच्या तांब्याकडे जातो, आणि पुष्कळदा त्या पाण्यानेच वेल दगावते. सतत ओल्या राहिलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नसल्यामुळे भिजलेल्या कुंडीतही पाने माना टाकतात. म्हणून पाणी देण्यापूर्वी बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावीत. तेवढी माती कोरडी लागली, तरच तळाच्या भोकातून पाणी झिरपेपर्यंत भरपूर पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांतच पुन्हा पाणी लागेल, पण मुंबई-कोकणातल्या भर पावसाळ्यात माती आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ ओलसर राहते. तेव्हा वार ठरवून पाणी घालण्याची सवय सोडलेली बरी.

ही वेल मूळची प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरची, आणि तिचे कुळ आपल्या अळूचे व सुरणाचे. रानात ती झाडांच्या सावलीत, खोडांना धरून वर चढते. तिला कोवळे ऊन किंवा खिडकीतून येणारा भरपूर उजेड हवा असतो, मात्र दुपारच्या थेट उन्हात पाने करपतात. ‘अंधाऱ्या कोपऱ्यातही चालते’ असे सर्रास सांगितले जाते. तिथे ती जगते हे खरे, पण दोन पानांतले अंतर वाढत जाते आणि पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे फिके होऊन पाने नुसती हिरवी येऊ लागतात.

माझ्या मते सर्वांत मोठे दुर्लक्ष होते ते आधाराकडे. शिंकाळ्यातून खाली सोडलेल्या वेलीची पाने बहुधा लहानच राहतात, तर तीच वेल वर चढवली की पाने उत्तरोत्तर मोठी होतात. नारळाच्या किंवा आंब्याच्या खोडावर चढलेल्या मनीप्लँटची सुपाएवढी पाने अनेकांनी पाहिली असतील. घरात तेवढी वाढ होणार नाही, परंतु कुंडीच्या मधोमध काथ्या गुंडाळलेली काठी रोवून, वेल सैल सुतळीने तिला बांधावी आणि काथ्यावर रोज पाणी फवारावे, म्हणजे पेरांवरची (खोडावर जिथून पान फुटते त्या गाठींवरची) मुळे त्यात शिरून आपला आधार आपणच घट्ट करतात. बांधताना ती मुळे काठीच्या बाजूला येतील असे पाहावे.

मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडी जाड वाळू मिसळावी, जेणेकरून निचरा चांगला होईल. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. त्याच वेळी देठांच्या बेचक्यात कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले, तर ते लगेच पुसून काढून कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी.

नवे रोप करण्यासाठी पेराच्या खाली कापलेली काडी पाण्यात ठेवावी. पेर नसलेल्या नुसत्या देठाने मुळे धरली तरी त्यातून वेल फुटत नाही. बाटलीत वाढवलेल्या मनीप्लँटबाबत मात्र हयगय अजिबात नको. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहत असल्यामुळे, आठवड्यातून किमान एकदा पाणी बदलताना बाटली आतून घासूनच धुवावी.

अळूसारखीच या वेलीतही खाज आणणारी सूक्ष्म स्फटिकांची सुयांसारखी टोके असतात, त्यामुळे पान चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. रांगती मुले, मांजर किंवा कुत्रा घरात असल्यास कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. छाटलेले तुकडे ओढ्याकाठी किंवा रानात टाकू नयेत, कारण पेर ओल्या जमिनीला टेकले की तिथेच रुजते आणि वेल शेजारच्या झाडावर चढू लागते.