जुन्या लॅपटॉपमध्ये मेमरी कार्ड वाचलं जात नसेल तर काय काय बघायचं

जुना लॅपटॉप आहे, बाजूला कार्डाचा स्लॉट पण आहे, नवीन कार्ड आत सरकवलं आणि काहीच झालं नाही, ना आवाज आला ना ड्राईव्ह दिसला. मग लगेच निकाल लागतो की स्लॉट गेला. तर आधी थांबा, बऱ्याच वेळा स्लॉट चांगला असतो, कार्ड त्याच्या नंतरच्या काळातलं असतं एवढंच.

कार्डावर काय छापलंय ते वाचा आधी. नुसतं एसडी असेल तर ते २ जीबीपर्यंतचं जुनं कार्ड. एसडीएचसी असेल तर ३२ जीबीपर्यंत, हा प्रकार २००६ मध्ये आला. आणि एसडीएक्ससी म्हणजे ३२ च्या वरचे, २ टीबीपर्यंत, ६४, १२८, २५६ वगैरे, हे २००९ चं. मायक्रोएसडीला पण हेच लागू, फक्त आकार लहान. नवीन रीडर (स्लॉटच्या आतला कार्ड वाचणारा भाग) जुनं कार्ड वाचतो पण जुना रीडर नवीन कार्ड वाचेलच असं नाही, त्यामुळे एसडीएचसी यायच्या आधीचा लॅपटॉप असेल तर ८ जीबीचं कार्ड सुद्धा त्याला कळणार नाही, आणि मायक्रोएसडीला मोठ्या अडॅप्टरमध्ये घालून काही फरक पडत नाही कारण त्या अडॅप्टरमध्ये चिप वगैरे काही नसते, नुसत्या इकडून तिकडे जोडलेल्या पट्ट्या असतात.

एसडीएचसी वाचणाऱ्या स्लॉटमध्ये एसडीएक्ससी घातलं तर मात्र गंमत होते. कार्ड बऱ्याचदा दिसतं, पण विंडोज म्हणतं फॉरमॅट करा. याचं कारण ६४ जीबी आणि पुढची कार्डं एक्सफॅट नावाच्या फाईली मांडायच्या पद्धतीत फॉरमॅट होऊन येतात आणि जुन्या सिस्टीमला एक्सफॅट माहीतच नसतं. विंडोज एक्सपीला त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं वेगळं अपडेट टाकावं लागायचं, व्हिस्टात सर्व्हिस पॅक १ पासून आहे, विंडोज ७ मध्ये आधीपासूनच आहे. मॅकला १०.६.५ पासून. लिनक्स टाकलं असेल तर कर्नल (लिनक्सचा मूळ गाभा) ५.४ पासून सोय आहे, त्याआधीच्यांनी एक्सफॅट फ्यूजचं पॅकेज टाकायचं.

आणि ते "फॉरमॅट करायचं का" विचारलं की कॅन्सल. प्लीज कॅन्सलच. कार्डात फोटो असतील तर आधी तेच कार्ड दुसऱ्या नवीन कॉम्प्युटरवर किंवा ज्या कॅमेऱ्यातून काढलं त्यातच लावून बघा, तिथे फोटो दिसले तर कार्ड ठणठणीत आहे आणि प्रॉब्लेम लॅपटॉपचा आहे. चुकून फॉरमॅटवर क्लिक झालंच तर त्या कार्डावर नवीन काही लिहू नका, फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्याने बरंच परत मिळतं, फक्त परत मिळालेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करायचे नाहीत. अजून एक, अँड्रॉइड फोनमध्ये कार्ड इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरलं असेल तर ते एन्क्रिप्ट झालेलं असतं, ते कुठल्याच लॅपटॉपवर उघडणार नाही, त्यातला डेटा फोनमधूनच काढायचा.

आता साध्या गोष्टी, ज्या बघायच्या राहून जातात. कित्येक लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये धूळ जाऊ नये म्हणून कार्डाच्या आकाराचा प्लास्टिकचा डमी तुकडा बसवलेला असतो, तो दाबून बाहेर काढल्याशिवाय कार्ड आत जाणार कसं. कार्ड तिरकं किंवा उलटं घुसवू नका. आणि एक्सप्रेसकार्डचा (जादा उपकरणं लावायचा) स्लॉट मेमरी कार्डाच्या स्लॉटसारखाच दिसतो, त्यात एसडी कार्ड घातलं तर ते आतच पडतं आणि मग चिमट्याने काढत बसा. कार्डाच्या कडेला जो छोटा लॉकचा खटका असतो तो सोनेरी पट्ट्यांच्या बाजूला सरकवलेला हवा, नाहीतर फोटो दिसतील पण डिलीट होणार नाहीत, आणि कार्डावर नवीन काही कॉपी होणार नाही. खटका तुटून पडला असेल तरी कार्ड लॉक आहे असंच धरलं जातं, तिथे पातळ टेप लावून काम भागतं, फक्त ती आत सुटून अडकणार नाही एवढी नीट चिकटवा. पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर कोरड्या मऊ कापडाने, जास्तच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडंसं लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

तरी नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी, उघडा. रीडरवर पिवळं चिन्ह दिसलं तर ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, नाहीये. जुन्या लॅपटॉपवर नवीन विंडोज टाकल्यावर हे हमखास होतं, कारण आतला रीडर रिको, रिअलटेक, जेमायक्रॉन असल्या चिपचा असतो आणि विंडोजला तो आपोआप सापडेलच असं नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून कार्ड रीडरचा ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी जी फुकटची सॉफ्टवेअर्स असतात त्यांच्या नादाला अजिबात लागू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रीडरचा मागमूसच नसेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन बघा, काही लॅपटॉपमध्ये तिथून कार्ड स्लॉट बंद केलेला असू शकतो.

हे सगळं करण्यापेक्षा माझं स्पष्ट मत, सरळ यूएसबीचा बाहेरचा रीडर घ्या. एक्सपी किंवा पुढचं विंडोज असेल तर त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, पेन ड्राईव्हसारखा लागतो आणि चालतो. पॅकिंगवर एसडीएक्ससी लिहिलंय का तेवढं बघा. यूएसबी ३ चा रीडर घेतला तरी जुन्या यूएसबी २ पोर्टवर चालतो, फक्त वेग पोर्टचाच मिळतो, म्हणजे खऱ्या वापरात सेकंदाला साधारण ३० एमबी, त्यामुळे ६४ जीबीचं भरलेलं कार्ड रिकामं करायला अर्ध्या तासाच्या वर जातं. लॅपटॉप इतका जुना असेल की यूएसबी १.१ आहे, तर सेकंदाला जेमतेम १ एमबी मिळणार, तेच कार्ड अठराएक तास घेईल, तेव्हा हवे तेवढेच फोटो निवडून कॉपी करा. आणि म्हणूनच जुन्या लॅपटॉपसाठी कार्डावरच्या वेगाच्या मोठमोठ्या आकड्यांना जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही, दोन ओळी पिना असलेलं यूएचएस टू नावाचं जास्त वेगाचं कार्ड पण तिथे हळूच चालणार.

अनेक स्लॉटवाला रीडर लावला की एकदम चार पाच ड्राईव्ह दिसायला लागतात आणि रिकाम्यावर क्लिक केलं की डिस्क घाला म्हणतो, ते नॉर्मल आहे. कधी कार्ड आहे पण ड्राईव्हच दिसत नाही, तेव्हा माय कॉम्प्युटरवर राईट क्लिक, मॅनेज, मग डिस्क मॅनेजमेंट. तिथे कार्ड दिसतंय पण ड्राईव्हचं अक्षर (ई, एफ वगैरे) नाही असं असेल तर राईट क्लिक करून दुसरं मोकळं अक्षर द्या, नेटवर्क ड्राईव्हने तेच अक्षर पकडलेलं असलं की असं होतं. रीडरचं कनेक्शन सारखं तुटत असेल तर हब काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, दुसरं पोर्ट पण ट्राय करा, जुनी पोर्टं सैल झालेली असतात.

कॉम्पॅक्टफ्लॅश (एसडीपेक्षा मोठं, जाड, जुन्या कॅमेऱ्यांमधलं) कार्ड असेल तर जोर लावू नका, रीडरमधल्या बारीक पिना वाकल्या की रीडर गेलाच. तुमच्या लॅपटॉपला रुंद पीसी कार्डचा (जादा उपकरणं लावायचा जुना) स्लॉट असेल तर कॉम्पॅक्टफ्लॅशसाठी त्यात बसणारं साधं अडॅप्टर मिळतं, आणि ते यूएसबी १.१ पेक्षा नक्कीच बरं.

कार्ड रिकामं झालं आणि फॉरमॅट करायचंच असेल तर ते कॅमेऱ्यातच करा. लॅपटॉपवरच करायचं असेल तर एसडी असोसिएशनचं फॉरमॅटर वापरा. एक्सफॅट न कळणाऱ्या लॅपटॉपसाठी मोठं कार्ड फॅट ३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करता येतं पण विंडोजचं नेहमीचं फॉरमॅट ३२ जीबीच्या वर तो पर्याय देत नाही, त्याला वेगळं टूल लागतं, आणि फॅट ३२ मध्ये एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, तेव्हा लांबलचक व्हिडिओ असतील तर हा मार्ग नको. आणि कॉपी मध्येच अडकते, नंतरच्या फाईली उघडत नाहीत, असं एखाद्याच कार्डाबाबत होत असेल तर लॅपटॉपला दोष द्यायच्या आधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरने ते कार्ड तपासा, वर १२८ छापलेलं आणि आत ८ च निघालेलं बनावट कार्ड असू शकतं. ही टेस्ट रिकाम्या कार्डावर करायची, आणि यूएसबी २ वर मोठं कार्ड असेल तर रात्री लावून झोपा.