व्यायामानंतर स्नायू फुटतात तेव्हा जनुकीय कारण कसं शोधायचं

आधी तातडीचं. श्रमानंतर अंग पिळवटून दुखतंय आणि लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी होतेय, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायूपेशी फुटून बाहेर पडलेलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंड निकामी करू शकतं. रक्तातलं सीके (स्नायू फुटले की वाढणारं विकर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम लगेच तपासून घ्या. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी सापडत नाहीत, ही मायोग्लोबिनची खूण. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामकं अजिबात नकोत.

सवय नसताना एका दिवसात शेकडो बैठका मारल्या आणि एकदाच असं झालं, तर जनुकांमागे लागायची घाई नको. पुन्हा झालं, थोड्या श्रमातही झालं किंवा भावंडांनाही होत असेल, तर मात्र छडा लावायलाच हवा.

सगळ्यात कामाची असते ती वेळेची नोंद. दुखणं कितव्या मिनिटाला सुरू झालं, ते लिहून ठेवा. भरभर जिना चढताना पहिल्या काही मिनिटांतच गोळे येतात, पण वेग कमी करून चालत राहिलं की साधारण 6 ते 10 मिनिटांनी पाय हलके होतात? मग मॅकआर्डल आजाराचा संशय घ्या. यात पीवायजीएम जनुकातल्या दोषामुळे स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) वापरताच येत नाही. रक्तातली साखर आणि चरबी पोहोचली की आराम पडतो. याउलट तासाभराने, तापात किंवा निरंकार उपवासात गड चढल्यावर त्रास झाला, तर चरबी जाळण्यातला दोष, बहुधा सीपीटी-2 या विकराची कमतरता. उन्हात त्रास होत असेल तर आरवायआर-1 हे स्नायूंतलं कॅल्शियम सांभाळणारं जनुक तपासा. विदर्भ, नंदुरबारकडच्या तरुणांनी भरतीच्या धावण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. नुसत्या वाहकालाही अतिश्रमात स्नायू फुटण्याचा धोका थोडा जास्त असतो.

असा झटका आला की सीके 1 ते 3 दिवसांत शिखर गाठतं, त्यामुळे तेव्हाचा आकडा कारण सांगत नाही. दोन-तीन आठवडे व्यायाम बंद ठेवून पुन्हा मोजा. तरीही वाढलेलंच असेल तर मॅकआर्डल किंवा स्नायुक्षय. उतरलं असेल तर सीपीटी-2 कडे कल. त्यासाठी अ‍ॅसिलकार्निटिन चाचणीचं (चरबी जाळण्यातला दोष दाखवणारी) रक्त झटका चालू असतानाच घेतलेलं बरं, एरवी ती नॉर्मल येऊ शकते. एसजीओटी-एसजीपीटी (यकृताच्या चाचणीतली, पण स्नायूंतही असणारी विकरं) वाढलेलं पाहून यकृतावर उपचार सुरू होतात, ही नेहमीची चूक. जीजीटी (यकृताचं, स्नायूंत नसणारं विकर) नॉर्मल असेल तर आधी सीके बघा.

मग जनुकीय पॅनेल, म्हणजे अनेक जनुकं एकत्र तपासणारी चाचणी. युरोपीय रुग्णांत नेहमी सापडणारे दोन-चार बदलच शोधणारी स्वस्त चाचणी घेऊ नका. पूर्ण जनुक वाचलं गेलं पाहिजे. डीएमडी या स्नायुक्षयाच्या जनुकातले मोठे तुकडे गळालेले असतील तर एमएलपीए ही गळालेले तुकडे शोधणारी चाचणी लागते. 'अर्थ अनिश्चित' असा अहवाल आला, तर तो निदान समजू नका, आईवडिलांचे नमुने तपासा.

मॅकआर्डल पक्का झाल्यावर श्रमाआधी 5 मिनिटं सुमारे 37 ग्रॅम साखर पाण्यातून घेतल्याने फायदा होतो, पण रोज घेतली तर वजन वाढतं. तारुई आजारात (मॅकआर्डलसारखाच साखर वापरण्यातला दुसरा दोष) मात्र साखरेने त्रास वाढतो, म्हणून निदानाआधी प्रयोग नको. सीपीटी-2 असेल तर उपाशीपोटी किंवा तापात व्यायाम बंद. आरवायआर-1 मध्ये दोष निघाला, तर दाताच्या किरकोळ शस्त्रक्रियेआधीही भूलतज्ज्ञांना सांगा: सक्सिनिलकोलिन आणि सेव्होफ्लुरेनसारखे भुलीचे वायू जिवावर बेतू शकतात.