टू-वे स्पीकर घरी बनवताय? या चुका टाळा

टू-वे म्हणजे खालच्या स्वरांना वूफर आणि वरच्या स्वरांना ट्वीटर असे दोन ड्रायव्हर असलेला स्पीकर; दोघांत स्वर वाटून देणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. माझी पहिली जोडी तयार झाली तेव्हा मी महिनाभर एका खड्ड्याशी भांडत होतो. मोजणीच्या आलेखात १४० हर्ट्झच्या आसपास चांगला दहा डेसिबलचा खड्डा. कॉइल बदलली, खोक्यातला कापूस कमी-जास्त केला, पोर्टची (खोक्याच्या हवेच्या छिद्राची) नळी दोनदा कापली. खड्डा जागचा हलेना. मग एकदा केर काढताना घरच्यांनी स्पीकर मागच्या भिंतीकडे सरकवले आणि खड्डा थेट २८० च्या पुढे जाऊन बसला. दोष स्पीकरचा नव्हताच.

हिशेब साधा आहे. स्पीकरची पुढची फळी भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे होती. खालचे स्वर समोर जातात तसे मागेही पसरतात. भिंतीपर्यंत जाऊन परत फळीपाशी यायचं म्हणजे १.२ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्यामुळे १४३ हर्ट्झच्या लाटेची लांबी होते २.४ मीटर. भिंतीवरून आलेली लाट बरोबर अर्ध्या लांबीने मागे पडते आणि समोरच्या लाटेला खाऊन टाकते. अंतर निम्मं केलं की खड्डा दुप्पट हर्ट्झवर जातो.

तेव्हा आलेखात खड्डा दिसला की क्रॉसओव्हरला हात लावण्याआधी स्पीकर फूटभर हलवा. खड्डा सोबत हलला तर तो भिंतीचा, जागीच राहिला तर तुमचा. भिंतीचा खड्डा ईक्यूने (स्वरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने) भरायला जाऊ नका. तुम्ही जितका जोर लावाल तितकाच उलटा होऊन परत येतो, आणि अँप्लिफायर तापतो तो वेगळाच. दहा बाय बाराच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झला येणारी घुमघुम हीसुद्धा खोलीची देणगी. त्यासाठी आधी बसायची खुर्ची सरकवून बघा.

खोलीत मोजून स्पीकर दुरुस्त करणं

खोलीत मोजलं की भिंती-जमिनीवरून उसळलेला आवाजही मोजला जातो, तो आधी वेगळा काढायला हवा. मोजायला लागतो एक कॅलिब्रेटेड (अचूकता तपासलेला) माइक आणि लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्डसारखं मोफत सॉफ्टवेअर. महागड्या केबलचे पैसे वाचवून माइक घ्या, हे माझं स्पष्ट मत. ट्वीटर जमिनीपासून १.२ मीटर उंच आणि माइक त्याच उंचीवर, एक मीटर समोर ठेवा. जमिनीवरून उसळलेला आवाज माइकपर्यंत २.६ मीटरचा प्रवास करून, म्हणजे थेट आवाजानंतर साधारण ४.७ मिलिसेकंदांनी पोचतो. बाकीच्या भिंती त्याहून लांब ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये मोजणी तेवढ्या वेळातच कापा, मग फक्त स्पीकर उरतो. मात्र अशा मोजणीचा २१५ हर्ट्झच्या खालचा भाग खरा धरू नका. तिथे माइक वूफरच्या कोनला जवळजवळ टेकवून वेगळं मोजतात आणि दोन्ही जोडतात. मी हे रात्री गच्चीवर करतो. दिवाळीचा आठवडा सोडून.

आठ ओहम धरून क्रॉसओव्हर काढणं

सर्वांत जास्त जोड्या इथे बिघडतात. कॅल्क्युलेटरमध्ये ८ ओहम (ड्रायव्हरचा विद्युत अवरोध) आणि २५०० हर्ट्झ (जिथे वूफर संपून ट्वीटर सुरू होतो) टाकले, आकडे आले, दुकानातून कॉइल-कंडेन्सर आणले, झालं. पण वूफरवर छापलेला ८ हा सगळीकडे ८ नसतो. रेझोनन्सपाशी (कोन आपोआप सर्वांत जोरात हलतो त्या स्वरापाशी) तो ३० च्या वर जाऊ शकतो आणि २५०० पर्यंत व्हॉइस कॉइलमुळे पुन्हा चढलेला असतो. शिवाय वूफरचा कोन खोल असल्याने त्याचा आवाज ट्वीटरपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर मागून निघतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण २५०० हर्ट्झची लाटच मुळी पावणेचौदा सेंटिमीटरची. म्हणजे जवळपास ६५ अंशांचा फरक! तुमच्याच खोक्यात बसवलेल्या ड्रायव्हरची मोजणी घ्या, ती व्हिच्युइक्सकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरा, मगच कॉइल-कंडेन्सरचे आकडे ठरवा.

लिंकविट्झ-रायली चौथ्या ऑर्डरचा (तीव्र उताराचा एक प्रचलित प्रकार) क्रॉसओव्हर जुळला की नाही हे तपासायची एक गंमत आहे. मुद्दाम ट्वीटरच्या वायरी उलट्या लावा. क्रॉसओव्हरच्या जागी खोल, दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा पडला तर वूफर-ट्वीटरची फेज (लाटांची चाल) जुळली आहे. खड्डा उथळ किंवा एका बाजूला कललेला असेल तर पुन्हा बसा. हा एकच खड्डा पाहून आनंद होतो.

तानपुऱ्याची जवारी जास्तच खुली वाटते?

आवाज पातळ, गायिकेचा स्वर छातीतून न येता नुसता घशातून आल्यासारखा, तानपुऱ्याचा झंकार पुढे पण खर्ज गायब. बहुतेकदा याचं कारण पुढच्या फळीच्या रुंदीत असतं. वरचे स्वर फळी पुढे ढकलते, खालचे फळीला वळसा घालून मागे जातात. २० सेंटिमीटर रुंद फळीवर हा बदल साधारण ५७५ हर्ट्झच्या आसपास होतो आणि एकूण फरक ६ डेसिबलपर्यंत जातो. क्रॉसओव्हरमध्ये त्याची भरपाई करावी लागते. पण पूर्ण सहा नको. स्पीकर भिंतीजवळ राहणार असतील तर तीन-चार पुरे, नाहीतर पखवाज नुसता गुरगुरतो.

फक्त समोरून सपाट

समोरची रेषा सपाट करून थांबू नका. १९८० च्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी स्पीकर न दाखवता केलेल्या श्रवणचाचण्यांत लोकांना आवडले ते समोरून सपाट आणि बाजूंनाही सलग उतरत जाणारे स्पीकर. व्यावसायिक मोजणीत आडवे-उभे मिळून ७० कोन घेतात. आपण निदान दर १० अंशांनी ६० पर्यंत घ्यावेत. साडेसहा इंची वूफर ३५०० पर्यंत ताणला तर तो बाजूंना आवाज देणं सोडतो आणि ट्वीटर अचानक चौफेर सुरू होतो. ट्वीटर झेपवत असेल तर क्रॉसओव्हर २०००-२२०० हर्ट्झला घ्या.

आता किरकोळ. ट्वीटर फळीच्या मधोमध, तिन्ही कडांपासून सारख्या अंतरावर नको. राउटरने खाच मारून सपाट बसवा. दोन कॉइल शेजारी एकाच दिशेने लावू नका, एक आडवी करा. पावसाळ्यात एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) कडा फुगतात, आधी फेविकॉलने बंद करा. आणि जाड लाकूड म्हणजे चांगला स्पीकर असं नाही. बीबीसीच्या एलएस३/५ए या नावाजलेल्या छोट्या स्पीकरचं खोकं पातळ प्लायवूडचंच, आतून डॅम्पिंगचे (कंप शोषणारे) थर दिलेलं.

क्रॉसओव्हर खोक्यात घाईने स्क्रू करू नका. लांब वायरी काढून बाहेर फळीच्या तुकड्यावर ठेवा आणि दोन आठवडे ऐका. माझ्या चौथ्या जोडीचा गेल्या गणपतीपासून बाहेरच आहे.