आईबाबांच्या रिपोर्टमधला ठळक आकडा: या चुका टाळा

गेल्या वर्षी फोंड्याला आईची रक्ततपासणी केली. रात्री मोबाइलवर रिपोर्ट आला: पोटॅशियम 6.2, म्हणजे बरंच जास्त. गोळीनेच ते वाढलं असेल असं समजून मी लगेच तिची प्रेशरची गोळी बंद केली. ही माझी चूक. नशिबाने डॉक्टरांनी फोन उचलला, त्याच रात्री ईसीजी काढायला लावला आणि रक्त परत घेतलं. आकडा आला 4.5. आईची शीर सापडत नाही. दंडावरचा पट्टा बराच वेळ आवळलेला असला, रक्त ओढताना पेशी फुटल्या, की त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात उतरतं. असा आकडा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पण गोळ्यांना आपण हात लावू नका.

दुसरी चूक आपल्या भाषेतच आहे. सिस्ट असो, नोड्यूल असो, घरी सगळ्याला एकच शब्द, ‘गाठ’, आणि मग घरात कुणाला जेवण जात नाही. मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि मूत्रपिंडात सिस्ट निघाली, तर ती बहुतेक वेळा साधी, पाण्याने भरलेली पिशवी असते. पन्नाशीनंतर ती अनेकांत सापडते. डॉक्टरांना नेमकं विचारा: साधी आहे की कॉम्प्लेक्स, म्हणजे आत पडदे किंवा घट्ट भाग असलेली? थायरॉइडमधल्या गाठीही वयाबरोबर जास्त जणांत सापडतात, त्यातल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात.

चवथीच्या साफसफाईत जुने एक्स-रे मात्र फेकू नका! छातीतला डाग दहा वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तसाच दिसला, तर तो जुन्या क्षयाचा व्रण असण्याची शक्यता मोठी, आणि कदाचित पुढचा सीटी स्कॅन टळतो.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. रक्त देण्याआधी सांगा.

उलटी चूक मला जास्त छळते. हिमोग्लोबिन 12.5 वरून 9.8 वर आलं आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं गो आता.’ वयाने एवढं उतरत नाही. पोटात कुठे रक्तस्राव होतो का, लोह किती, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी12 किती, हे पाहायलाच हवं.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ओपीडीला जाताना पिशवीत जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि चालू गोळ्यांची पाकिटं ठेवा, आयुर्वेदिक धरून.