प्रायमर खराब झाल्याची शंका येण्यापूर्वी: छोट्या प्रयोगशाळेसाठी तयारीची यादी

पीसीआर या तंत्राने डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात. त्या तुकड्याची दोन टोके ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या साखळ्या म्हणजे प्रायमर; त्यांची फॉरवर्ड आणि रिव्हर्स अशी जोडी असते. प्रती बनल्या की जेलवर त्यांची रेघ, म्हणजे बँड, दिसतो. असा अपेक्षित बँड आला नाही की पहिला संशय प्रायमरवर जातो आणि नवे प्रायमर मागवण्याची घाई होते. कोल्हापुरातील ज्या प्रयोगशाळेत एकच थर्मल सायक्लर (पीसीआरचे यंत्र), एकच डीप फ्रीझर आणि वर्षभर पुरवून वापरायचे तुटपुंजे अनुदान आहे, तिला ही घाई परवडत नाही. शिवाय पावसाळ्यात मागवलेला माल वेळेवर पोहोचेलच असे नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आल्याने पुण्याकडची वाहतूक काही दिवस बंदच होती. म्हणून प्रायमर खरोखर खराब झाला आहे की दोष दुसरीकडे आहे, हे हाताशी असलेल्या साधनांनी ठरवता येईल अशी तयारी बँड नीट येत असतानाच करून ठेवावी.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की कोरडा, वाळवलेल्या स्वरूपातील प्रायमर चांगलाच टिकाऊ असतो आणि कुरिअरमध्ये आठवडाभर अडकला तरी सहसा बिघडत नाही. धोका सुरू होतो तो त्यात पाणी घातल्यावर. ट्यूब आल्याबरोबर उघडू नये. वाळलेला थर झाकणाला चिकटलेला असू शकतो आणि अनेकदा डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून आधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवावी. विरघळवण्यासाठी साधे डिस्टिल्ड पाणी टाळावे, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून असे पाणी आम्लधर्मी होते आणि आम्लात डीएनएच्या साखळीतील प्युरिन बेस (ए आणि जी ही अक्षरे) गळू लागतात. १० मिलिमोलर ट्रिस आणि ०.१ मिलिमोलर ईडीटीए असलेला, पीएच ८ चा बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) आधीच बनवून, ऑटोक्लेव्ह करून, लहान बाटल्यांत भरून ठेवावा. ईडीटीए मॅग्नेशियम बांधून ठेवतो आणि मॅग्नेशियमवाचून बहुतेक डीएनेज, म्हणजे डीएनए तोडणारी एन्झाइम, निष्क्रिय राहतात. लेबलवर जितके नॅनोमोल लिहिलेले असतील त्याच्या दहापट मायक्रोलिटर बफर घातला की १०० मायक्रोमोलरचा स्टॉक तयार होतो, म्हणजे २५.३ नॅनोमोलसाठी २५३ मायक्रोलिटर. त्यातून १० मायक्रोमोलरचे कामाचे द्रावण लहान-लहान ट्यूबमध्ये वाटून घ्यावे. प्रत्येक प्रायमरची एक ट्यूब राखीव म्हणून सील करून फ्रीझरच्या तळाशी ठेवावी आणि तिला एरवी कोणीही हात लावू नये. पुढची सगळी तपासणी या एका ट्यूबवर उभी आहे.

साठवणुकीत दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. बर्फ आपोआप वितळवणारा घरगुती फ्रीज प्रायमरसाठी योग्य नाही, कारण तो ठरावीक अंतराने आतून थोडा गरम होतो आणि द्रावण नकळत पुन्हापुन्हा वितळते. दुसरा फ्रीज नसेल तर कुरिअरबरोबर आलेली थर्मोकोलची पेटी जेलपॅकसह आत ठेवून तीत ट्यूब ठेवाव्यात. वीज गेल्याचे कळावे म्हणून एका कपात पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. सोमवारी सकाळी नाणे बर्फात खाली रुतलेले दिसले तर सुट्टीत फ्रीझर वितळला होता हे निश्चित समजावे आणि तशी नोंद करावी. जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत थंड ट्यूब लगेच उघडली तर झाकणाच्या कडेला दव धरते आणि तेच पाणी आत उतरते. कामाचे पातळ द्रावण बर्फावर वितळू द्यावे, बाहेरून पुसावे, फिरवावे आणि मगच उघडावे.

नियंत्रण नमुन्यांची, म्हणजे हमखास बँड देणाऱ्या डीएनएची, तयारी मात्र बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच असते. ज्या डीएनएने पूर्वी स्पष्ट बँड दिला आहे त्याचे छोटे भाग करून स्वतंत्र ठेवावेत. जिवाणूंच्या डीएनएसाठी २७-एफ आणि १४९२-आर ही प्रायमरची जोडी सुमारे १५०० बेसजोड्यांचा बँड देते, त्यामुळे टॅक (प्रती बनवणारे एन्झाइम), डीएनटीपी (त्यासाठी लागणारे डीएनएचे सुटे घटक) आणि यंत्र ठीक आहेत का हे पाहण्यासाठी ती उपयोगी पडते. टॅक एन्झाइममध्येच जिवाणूंच्या डीएनएचे अंश असू शकतात, म्हणून या जोडीच्या नमुनाविरहित ट्यूबमध्ये फिका बँड दिसला तर लगेच प्रायमर दूषित झाल्याचा निष्कर्ष काढू नये. वारंवार वितळण्याने डीएनटीपी प्रायमरपेक्षा लवकर बिघडतात, तेव्हा त्यांचेही लहान भाग केलेले असावेत.

उसाच्या गवताळ वाढीच्या रोगाचे नमुने तपासणाऱ्यांनी आणखी एक शंका आधी दूर करावी. उसाच्या पानातील पॉलिफिनॉल आणि पॉलिसॅकराइड डीएनएसोबत उतरतात आणि अभिक्रिया अडवतात. बँड नाहीसा होण्याचे हे कारण प्रायमरच्या बिघाडाइतकेच संभवनीय आहे. काढलेला डीएनए दहापट पातळ करून लावल्यावर बँड परत आला तर प्रायमर निर्दोष समजावा.

नियंत्रण नमुनाही अपयशी ठरला तर दोन्ही प्रायमरच्या राखीव ट्यूब बाहेर काढाव्यात आणि चार अभिक्रिया लावाव्यात: दोन्ही प्रायमर जुने, फक्त फॉरवर्ड नवा (म्हणजे राखीव ट्यूबमधला), फक्त रिव्हर्स नवा, आणि दोन्ही नवे. कोणत्या जोडीत बँड परततो यावरून दोष कोणत्या ट्यूबमध्ये आहे ते कळते, आणि मागवावा लागला तर एकच प्रायमर मागवावा लागतो. चारही रिकाम्या निघाल्या तर प्रायमर सोडून दुसरीकडे पाहावे. प्रूफरीडिंग करणारे, म्हणजे चुकीचे बेस कापून दुरुस्ती करणारे, एन्झाइम वापरत असल्यास ते सर्वांत शेवटी, बर्फावरच घालावे. ते अभिक्रिया सुरू होण्याआधीच प्रायमरचे ३ प्राइम टोक (जिथून नवी साखळी वाढते ते) कुरतडू शकते, आणि तेव्हा फ्रीझरमधली ट्यूब कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही.

डीएनएचे प्रमाण मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या २६० नॅनोमीटरच्या वाचनावर येथे विसंबू नये, कारण तुटलेले तुकडेही प्रकाश शोषतातच. आकडा उत्तम येतो आणि प्रायमर निकामी असतो. अखंडता पाहायची असेल तर प्रथिनांसाठी वापरतात त्याच छोट्या उभ्या संचात ७ मोलर युरिया असलेले २० टक्के पॉलिअॅक्रिलामाइड जेल ओतावे; न गोठलेले अॅक्रिलामाइड मज्जासंस्थेस घातक असल्याने हातमोजे घालावेत. प्रत्येक ओळीत सुमारे १ नॅनोमोल, म्हणजे स्टॉकचे १० मायक्रोलिटर भरावेत. अशा जेलमध्ये ब्रोमोफिनॉल ब्लू साधारण ८ आणि झायलीन सायनॉल साधारण २८ बेसच्या जागी धावतो, त्यामुळे २० बेसचा प्रायमर या दोन रंगांच्या मधे सापडतो. महागडा रंग लागत नाही. रसायनशास्त्र विभागाकडून २५४ नॅनोमीटरला चमकणारी टीएलसी (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची) प्लेट मागून आणावी, जेल पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिच्यावर ठेवावे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून वरून यूव्ही दिवा धरावा. हिरवट उजेडात चांगला प्रायमर एकच ठसठशीत काळी रेघ म्हणून दिसतो. खराब झालेल्याची रेघ फिकट असते आणि खाली धूसर पट्टा ओघळलेला असतो. राखीव ट्यूबची ओळ शेजारी असेल तर फरक नवख्या विद्यार्थ्यालाही ओळखता येतो.

एवढे झाल्यावरही नवा प्रायमर मागवावा लागला, तर वहीतल्या क्रमाशी लेबलवरचा क्रम अक्षर अक्षर ताडून पाहावा आणि शक्यतो मे महिन्यातच ऑर्डर द्यावी. नव्या ट्यूबने त्याच जुन्या नियंत्रण नमुन्यावर बँड दिल्याशिवाय जुनी ट्यूब टाकून देऊ नये.